लसीकरण : निरंक

ससेपालनाचा प्रकल्प अहवाल हाती आला की खाद्य, पिंजरे, मजुरी, वीज असे रकाने वाचत वाचत आपण 'लसीकरण' या रकान्यापाशी येतो, आणि तिथे बहुधा 'निरंक' लिहिलेले असते. प्रशिक्षणाच्या वर्गात तर हेच ठासून सांगितले जाते. शेळीला पीपीआर आणि आंत्रविषाराची लस लागते, कोंबडीला राणीखेत आणि गंबोरोची, गाईला लाळ-खुरकूत, घटसर्प आणि फऱ्याची. सशाला मात्र काहीच लागत नाही. ऐकणारा पंचविशीतला तरुण असतो. शेती कोरडवाहू, शेळ्यांच्या एका हंगामात हात पोळलेला, त्यामुळे हे वाक्य त्याच्या मनात घर करते. माझा वाद त्या एका शब्दाशी आहे. 'निरंक' हा आकडा खोटा नाही, पण त्यातून काढला जाणारा अर्थ खोटा आहे. आपल्याकडच्या शेडमध्ये सशाच्या पिल्लांना सर्वांत जास्त मारणाऱ्या रोगांपैकी एक म्हणजे कॉक्सिडिओसिस, आणि त्यावर टोचायला किंवा पाजायला भारतातल्या औषध दुकानात लसच मिळत नाही. ज्याला लस नाही त्याचा खर्चही नाही, एवढाच त्या शून्याचा अर्थ. तो 'सशाला रोगच नाही' असा वाचला जातो, आणि अहवाल लिहिणाऱ्याला तो तसाच वाचला जायला हवा असतो. युरोपात सशांना मिक्सोमॅटोसिस आणि रक्तस्रावी रोग या दोन विषाणूजन्य आजारांच्या लसी नेमाने दिल्या जातात. म्हणजे 'ससा हा लस न लागणारा प्राणी आहे' हे विधान जगाच्या पाठीवर कुठेच खरे नाही.

रोग काय आहे ते आधी नीट पाहिले पाहिजे, कारण पुढचा सगळा वाद त्याच्या चालीवर उभा आहे. आयमेरिया नावाचा एकपेशीय परोपजीवी. सशात त्याच्या अकरा जाती ओळखल्या गेल्या आहेत. त्यातली आयमेरिया स्टिडाय ही यकृतातल्या पित्तनलिकांत वाढते, बाकीच्या दहा आतड्यात. विज्ञानाच्या इतिहासातही या जंतूला मानाचे पान आहे : 1674 साली लेवेनहुकने सशाच्या पित्तात स्वतःच्या सूक्ष्मदर्शकातून जे लंबगोल कण पाहिले ते याच स्टिडायचे ऊसिस्ट (कवचबंद अंडपुटी) होते असे मानले जाते. माणसाच्या डोळ्याला दिसलेला हा पहिला एकपेशीय परोपजीवी. साडेतीनशे वर्षे ओळखीचा शत्रू. लेंडीबरोबर बाहेर पडलेला ऊसिस्ट लगेच रोग देत नाही. ओलावा, ऊब आणि हवा मिळाली तर दोन-तीन दिवसांत तो आत 'पिकतो', त्याच्यात आठ बीजाणू तयार होतात, आणि मगच तो घातक होतो. पिकलेला ऊसिस्ट चाऱ्याबरोबर किंवा पंजे चाटताना पोटात गेला की आतड्याच्या पेशी फोडत त्याच्या पिढ्यांमागून पिढ्या वाढतात आणि एकाचे लाखांच्या घरात ऊसिस्ट होऊन बाहेर येतात. पिल्लू केवळ आईच्या दुधावर असेपर्यंत बहुतेक वाचते. विसाव्या दिवसाच्या सुमारास ते चारा-गोळी कुरतडू लागते, अठ्ठाविसाव्या ते पस्तिसाव्या दिवशी दूध तोडले जाते, आणि पाचव्या ते आठव्या आठवड्यात मरतूक सुरू होते. पोट फुगलेले, शेपटीखालची लव चिकटलेली, दात खात कोपऱ्यात बसलेले पिल्लू सकाळी मेलेले सापडते. यकृताचा प्रकार असेल तर पोट फाडल्यावर यकृत दुप्पट-तिप्पट वाढलेले आणि त्यावर पांढुरक्या-पिवळट गाठी दिसतात. एकदा पाहिले की विसरता येत नाही. पण पोट फाडून पाहतो कोण? बहुतेक ठिकाणी 'हगवण लागली, गार हवा बाधली' एवढ्यावर विषय संपतो, आणि रोगाचे नाव कुठल्याच वहीत चढत नाही.

इथे एक भाबडा समज दूर करायला हवा, कारण तो जाणत्यांच्या तोंडीही असतो. ससा पहाटे आपल्याच गुदद्वारातून मऊ लेंड्या तोंडाने घेऊन खातो. म्हणून हा रोग त्याच्या सवयीतच आहे, त्याला इलाज नाही, असे सांगितले जाते. हे चूक आहे. थेट तोंडात गेलेल्या त्या मऊ लेंडीतले ऊसिस्ट अजून पिकलेले नसतात. ते जसे आत जातात तसेच बाहेर पडतात. धोका आहे तो जाळीत अडकून दोन दिवस राहिलेल्या कडक लेंडीचा, भिजलेल्या गवताचा, नेस्ट बॉक्सच्या कोपऱ्यात साचलेल्या भुश्शाचा. म्हणजे रोग सशाच्या स्वभावात नाही, आपल्या शेडमध्ये आहे.

आता त्या 'निरंक'चा हिशेब. या धंद्यात सात माद्या आणि तीन नर मिळून एक युनिट धरतात. गर्भकाळ महिन्याभराचा, एका वेताला सहा पिल्ले आणि वर्षाला सहा वेते धरली तर अहवालात एका युनिटमागे 252 पिल्ले येतात. कागदावर मरतुकीचा आकडा बहुधा इतका लहान असतो की तो डोळ्यांत भरत नाही. समजा दूध तोडल्यानंतर तिसरा हिस्सा पिल्ले गेली. नीट सांभाळ नसलेल्या शेडमध्ये पावसाळ्यात हे अशक्य नाही. मग 252 ची 168 होतात. गेलेली 84 पिल्ले फुकट गेलेली नसतात. त्यांच्या आयांनी खाल्लेले खाद्य, त्यांनी स्वतः दोन-तीन आठवडे खाल्लेल्या गोळ्या, पिंजऱ्यातली जागा आणि वेळ हे सगळे खर्चात आधीच पडलेले असते. मेलेल्या पिल्लाचा खर्च जगलेल्या पिल्लाच्या डोक्यावर बसतो. लसीच्या रकान्यात वाचलेले पैसे मरतुकीच्या रकान्यात व्याजासह जातात, पण त्या दोन रकान्यांत शेतकऱ्याला नाते दिसू दिले जात नाही. बाय-बॅकच्या करारात तर हे नाते उघडपणे तोडलेले असते : कंपनी ठरावीक वजनाची, जिवंत, तंदुरुस्त पिल्ले विकत घेणार, आणि मेलेली कुणाची यावर करार गप्प. इस्लामपूरच्या 2019 मधल्या कडकनाथ कोंबड्यांच्या बाय-बॅक प्रकरणानंतर पश्चिम महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला बाय-बॅक या शब्दाची धास्ती बसली हे चांगलेच झाले. पण ती धास्ती 'कंपनी पळून जाईल का' एवढ्यापुरती आहे. 'कंपनी जागेवर राहिली तरी पिल्ले जगतील का' हा प्रश्न अजून कुणी मोठ्याने विचारत नाही.

यावर पहिला आक्षेप उत्तरेकडून येतो, आणि तो दमदार वाटतो. हिमाचलात दशकानुदशके अंगोरा ससे पाळले जातात. कुलू जिल्ह्यातल्या गडसा येथे अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचे केंद्र आहे. लसीवाचून तिथे लोकर निघतेच ना? मनालीला गेलेल्या मराठी पर्यटकाने अंगोराचा मफलर घेतला असेल तर तोही या युक्तिवादाचा साक्षीदार ठरतो. पण लोकरीचा ससा आणि मांसाचा ससा यांच्या आयुष्याची गणिते वेगळी आहेत. आयमेरियाचा सामना एकदा झाला आणि पिल्लू वाचले की त्या जातीपुरती पक्की प्रतिकारशक्ती येते; स्टिडायबाबत तर ती आयुष्यभर टिकते असे मानतात. अंगोरा ससा अडीच-तीन महिन्यांच्या अंतराने वर्षानुवर्षे लोकर देतो. लहानपणीचा धोका ओलांडल्यावर त्याचे जवळजवळ सगळे उत्पादक आयुष्य सुरक्षित काळात जाते. आपल्याकडचा न्यूझीलंड व्हाइट किंवा सोव्हिएत चिंचिला मांसासाठी दहा-बारा आठवड्यांत विकला जातो. त्याचे सबंध आयुष्यच त्या धोक्याच्या खिडकीत बसते. जी प्रतिकारशक्ती लोकरीच्या सशाला कमावता येते ती मांसाच्या सशाला कमावेपर्यंत गाडी खाटकाच्या दारी पोचलेली असते. शिवाय कुलूची कोरडी थंडी आणि राधानगरी-आजऱ्याचा जुलै यांची तुलना करायची असेल तर आधी दोन्ही ठिकाणी लेंडी किती वेळात वाळते ते पाहावे.

दुसरा आक्षेप औषधवाल्यांचा. लस कशाला, खाद्यात कॉक्सिडिओस्टॅट मिसळा, पिल्ले सुस्तावली तर सल्फा द्या, प्रश्न मिटला. औषधांचे मोल मी नाकारत नाही. टोल्ट्राझुरिल, डायक्लाझुरिल, सल्फाच्या गोळ्या यांनी असंख्य पिल्ले वाचवली आहेत, आणि पेटलेला रोग विझवायला आजही दुसरे साधन नाही. पण 'खाद्यात मिसळा' हे सांगणारा कोंबडीच्या धंद्यातून आलेला असतो आणि ससा म्हणजे चार पायांची कोंबडी नव्हे. सॅलिनोमायसिन हे आयनोफोर गटातले औषध युरोपात सशाच्या खाद्यात किलोमागे 20 ते 25 मिलिग्रॅम इतकेच वापरले गेले. ब्रॉयलर कोंबडीच्या खाद्यात त्याचे प्रमाण 60 मिलिग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे कोंबडीला रोगापासून वाचवणारी तीच गोळी सशाला अडीचपट मात्रा देते, आणि ससा खाणे सोडतो. याच गटातले नॅरासिन तर सशाला सरळ विषारी. गावात सशाच्या गोळ्या संपल्या आणि पोल्ट्रीच्या दुकानातून ब्रॉयलर स्टार्टरचे पोते आणले, असे होऊच शकत नाही असे ज्याला वाटते त्याने गाव पाहिलेले नाही. दुसरी अडचण औषधाला सरावलेल्या जंतूंची. रोबेनिडीन युरोपातल्या ससेपालनात वर्षानुवर्षे खाद्यातून दिले गेले आणि ते न जुमानणाऱ्या आयमेरियाच्या नोंदी ऐंशीच्या दशकातच झाल्या. तिसरी अडचण विक्रीची : मांस विकण्यापूर्वी ही औषधे ठरावीक दिवस बंद ठेवावी लागतात. ज्या शेतकऱ्याकडे एकच पोते आहे तो विकायच्या सशासाठी वेगळे, औषधाविना पोते कुठून आणणार? आणि रोग ओळखताच न आल्याने हगवणीवर शेळीचे शिल्लक अमॉक्सिसिलिन तोंडातून पाजले जाते ते वेगळेच. सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू त्याने मरतात आणि जे पिल्लू कॉक्सिडियातून वाचले असते ते औषधाने जाते.

तिसरा आक्षेप स्वच्छतावाद्यांचा, आणि आतापर्यंतच्या आक्षेपांत तो मला सर्वाधिक मान्य आहे. ऊसिस्ट पिकायला दोन दिवस लागतात. रोज लेंडी काढली तर पिकायला वेळच मिळत नाही. जाळीचा तळ, खाली न साचणारे मूत्र, चाऱ्याची टोपली जमिनीपासून वर, पाण्यासाठी वाटीऐवजी निपल, वेत झाल्यावर नेस्ट बॉक्स उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात किंवा ब्लो-लॅम्पची आच फिरवून. इतके केले की रोगाचा जोर ओसरतो, यात शंका नाही. ज्याला लसीच्या गप्पा ऐकायच्या आहेत त्याने आधी हे करावे. पण स्वच्छता पुरेशी आहे असे म्हणणाऱ्याने दोन गोष्टींची उत्तरे द्यायला हवीत. पहिली, रोजच्या फिनेलने ऊसिस्ट मरत नाही. त्याचे दुपदरी कवच नेहमीच्या जंतुनाशकांना दाद देत नाही. उष्णता आणि कोरडेपणा हेच त्याचे शत्रू. कोकणात आणि घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर या दोन्हींची टंचाई असते. शेडचा पत्रा ठिबकतो, हवा ओली, कुंपणावरून आणलेला चारा ओला, आणि उन्हात वाळवायचा नेस्ट बॉक्स आठवडाभर भिंतीला टेकून तसाच. दुसरी, रोगाचे मूळ बाहेरून येत नाही. दिसायला धडधाकट मादी थोडे थोडे ऊसिस्ट टाकत असते, आणि पिल्लू जन्मल्या दिवसापासून तिच्याच पेटीत असते. मादी काढून टाकायची तर युनिटच संपले. म्हणजे स्वच्छतेने जंतूंची संख्या कमी होते, शून्य होत नाही. आणि अगदी स्वच्छ शेडमध्ये वाढलेले, जंतू न भेटलेले पिल्लू दुसऱ्याच्या शेडमध्ये विकले गेले की तिथे पहिले बळी तेच. पिल्ले विकणे हाच ज्यांचा धंदा आहे त्यांनी यावर जरा थांबून विचार करावा.

औषध आणि स्वच्छता या दोन आक्षेपांच्या उत्तरातूनच लसीची गरज आपोआप पुढे येते. मग चौथा आक्षेप येतो : परोपजीवीवर लस होतच नसते, ती विषाणूंसाठी. हा समज साठहून अधिक वर्षांपूर्वीच शिळा झाला. 1959 च्या सुमारास ग्लासगोत वासरांच्या फुप्फुसकृमींवर किरणोत्साराने दुबळ्या केलेल्या अळ्यांची लस बाजारात आली. त्याच तत्त्वावर काश्मीरमध्ये मेंढ्यांसाठी 'डिफिल' लस वापरली गेली. हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सची थायलेरियावरची 'रक्षावॅक-टी' संकरित गाईंना दिली जाते. त्याच कंपनीने डुकरांतल्या फीतकृमीवर 'सिस्वॅक्स' आणली. ऑस्ट्रेलियात 2014 पासून मेंढ्यांच्या रक्तशोषक कृमींवर 'बार्बरव्हॅक्स' मिळते. आणि सगळ्यांत जवळचे उदाहरण पुण्याचे. ऑक्सफर्डने विकसित केलेली आणि सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली हिवतापाची आर-21 लस जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर 2023 मध्ये शिफारशीत घेतली. हिवतापाचा प्लाझ्मोडियम आणि सशाचा आयमेरिया हे एकाच कुळातले एकपेशीय भाऊबंद. ज्या शहरात त्यातल्या एकावर आफ्रिकेतल्या मुलांसाठी लस तयार होते, त्याच शहरापासून तासा-दोन तासांच्या अंतरावरच्या शेडमध्ये दुसऱ्यावर 'लस शक्यच नाही' असे सांगितले जावे, याला अज्ञान म्हणायचे की सोय, हे वाचकाने ठरवावे.

खरे तर आयमेरिया हा लसीसाठी प्लाझ्मोडियमपेक्षा कितीतरी सोपा आहे, कारण नैसर्गिक लागणीनंतर तो पक्की प्रतिकारशक्ती देतो. कोंबडीत हे फार पूर्वी हेरले गेले. 1952 साली अमेरिकेत 'कॉक्सिव्हॅक' ही जिवंत ऊसिस्टांची लस आली. पुढे 1975 मध्ये जेफर्सने असे दाखवले की सर्वांत आधी बाहेर पडणारे ऊसिस्ट पिढ्यान्‌पिढ्या निवडत गेले की त्या वाणाची आतड्यातली एक-दोन आवर्तने गळून पडतात, त्याची संख्या आणि इजा घटते, पण प्रतिकारशक्ती उभी करण्याची ताकद शाबूत राहते. या 'लवकर पिकणाऱ्या' वाणांवरच पुढच्या पिढीच्या कोंबड्यांच्या लसी उभ्या आहेत. सशातही हे प्रत्यक्षात करून पाहिलेले आहे. फ्रान्समध्ये लिक्वा, कुदेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात आयमेरिया मॅग्नाचा असा वाण तयार केला आणि नेस्ट बॉक्समध्ये त्याच्या ऊसिस्टांचा फवारा मारून पिल्लांना संरक्षण मिळते हे दाखवले. सुई नाही, पिल्लू हातात धरून पाजणे नाही. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास पेटीत फवारा, आणि पिल्ले एकमेकांना चाटून लस घेतात. आपल्या लहान शेडसाठी याहून सोयीची पद्धत सुचणे कठीण.

इथे एक आक्षेप मात्र मी पूर्ण मान्य करतो, आणि लसीच्या बाजूने बोलणाऱ्याने तो लपवू नये. ही जिवंत लस आहे. फवारलेले ऊसिस्ट सशात वाढणार, बाहेर पडणार, शेडमध्ये पिकणार. लेंडी आठवडाभर साचणाऱ्या शेडमध्ये लसीचा सौम्य वाणही इतका माजू शकतो की पिल्लांना हगवण लागावी. लस दिल्यावर खाद्यातले कॉक्सिडिओस्टॅट बंद करावे लागते, नाहीतर औषध लसीलाच मारते. शिवाय प्रतिकारशक्ती जातीनिहाय असते : मॅग्नाची लस इंटेस्टिनॅलिसपासून वाचवत नाही, आणि कोंबडीची लस तर सशात पाय रोवूच शकत नाही, कारण तिचे जंतू सशात जगत नाहीत. म्हणजे लस म्हणजे स्वच्छतेची सुट्टी नव्हे. ती स्वच्छ शेडलाच फळते. घाणीवर पांघरूण म्हणून लस मागणाऱ्याच्या पंक्तीला मी बसत नाही.

शेवटचा आक्षेप पैशांचा. 2019 च्या पशुगणनेत देशात गायी-बैल एकोणीस कोटींहून जास्त आणि ससे सहा लाखांच्या आत. इतक्या लहान बाजारासाठी कोणती कंपनी लस काढणार? कोणतीच नाही, हे मान्य. त्यात उत्पादनही अवघड : आयमेरिया प्रयोगशाळेतल्या पेशींत नीट वाढत नाही, तो निर्जंतुक पाळलेल्या जिवंत सशातच वाढवावा लागतो, ऊसिस्ट गोठवून ठेवता येत नाहीत, फ्रिजमध्ये काही महिनेच टिकतात. खासगी कंपनी याकडे ढुंकूनही बघणार नाही. पण लसीचा निर्णय केवळ बाजाराचा असतो असे कुणी ठरवले? लम्पीची साथ 2022 मध्ये आली तेव्हा काही आठवड्यांत राज्यभर शेळीच्या देवीची लस गुरांना टोचली गेली, आणि डिसेंबरात लम्पी-प्रोव्हॅकच्या निर्मितीचे तंत्रज्ञान पुण्याच्या औंधमधल्या पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्थेकडे देण्याचा करारही झाला. गाईसाठी ते व्हायलाच हवे होते. पण यावरून एवढे तरी दिसते की सरकारी लस संस्था या राज्यात आहे, नव्या लसीचे तंत्र घेण्याची तिची तयारी आहे, आणि शासनाने मनावर घेतले तर हालचाल होते. सशासाठी गाईइतके पैसे कुणी मागत नाही. शिवाय सरकारच एकीकडे तरुणांना ससेपालनाचे प्रशिक्षण देते, राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या विम्याच्या यादीत सशाला जागा देते. धंद्याला उत्तेजन द्यायचे आणि त्या धंद्यातल्या मुख्य रोगावर संशोधन 'बाजार लहान' म्हणून टाळायचे, ही दोन्ही कामे एकाच खात्याने करू नयेत. बाजार लहान असण्याचे एक कारण मरतूक हेच आहे. पहिल्या पावसाळ्यात शेड रिकामे झाले की शेतकरी पिंजरे भंगारात देतो, आणि पुढच्या गणनेत ससे आणखी कमी होतात.

तरी लसीची फाइल उघडण्याआधीचे काम वेगळे आणि स्वस्त आहे. कोल्हापूर, सातारा, पुणे, नाशिक, विदर्भ इथल्या शेडमध्ये अकरा जातींपैकी कोणत्या जाती पिल्ले मारतात हे कळल्याशिवाय फ्रान्सचा वाण आणून उपयोग नाही. तो आपल्याकडे गौण असलेल्या जातीचा निघाला तर सगळा खर्च पाण्यात. लेंडी तपासणे अजिबात अवघड नाही. ताजी लेंडी मिठाच्या संपृक्त पाण्यात कुस्करायची, गाळायची, बाटली काठोकाठ भरून तोंडावर काचपट्टी ठेवायची. वीस मिनिटांत ऊसिस्ट वर तरंगून काचेला चिकटतात आणि साध्या सूक्ष्मदर्शकात दिसतात. जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात ही तपासणी होऊ शकते. जात ओळखायला मात्र ऊसिस्ट पिकवून, मोजमाप करून, अनुभवी नजरेने किंवा जनुकीय चाचणीने पाहावे लागते, आणि ते काम नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे, त्याच्या मुंबई, शिरवळ आणि परभणीच्या महाविद्यालयांचे आहे. नमुने जून ते सप्टेंबरमध्ये आणि पुन्हा मार्चमध्ये घ्यावेत, दूध तोडण्याआधी आणि तोडल्यानंतर दोन आठवड्यांनी, आणि मेलेल्या प्रत्येक पिल्लाचे यकृत उघडून पाहावे. तोपर्यंत प्रकल्प अहवाल लिहिणाऱ्यांनी 'लसीकरण' या रकान्यात 'निरंक'ऐवजी 'लस उपलब्ध नाही' असे लिहावे, आणि त्याच्या खालीच पाचव्या ते आठव्या आठवड्यातली मरतूक, पावसाळ्यातली वेगळी आणि उन्हाळ्यातली वेगळी, असे दोन आकडे द्यावेत. बाय-बॅक देणाऱ्याने करारावर त्या आकड्यांखाली सही करायला नकार दिला, तर शेतकऱ्याने पिंजऱ्यांची ऑर्डर देऊ नये.